कलकत्ता अडीच तासांवर

महिना होत आला, तरी अक्का गेली हे वाक्य तोंडातून नीट निघत नाही. रविवारी धुळ्याच्या स्टँडवर मला गाडीत बसवून देणारी, खिडकीतून कळण्याच्या भाकरीची पुरचुंडी आत कोंबणारी माझी थोरली बहीण बुधवारी दोरीवर कपडे वाळत घालता घालता कोसळते काय आणि डॉक्टर येईपर्यंत संपते काय... शेजारच्या दुकानदारांनी जळगावला फोन केला. "अक्का गेल्या," म्हणाले. मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठे?"

तिचा एकुलता एक वसंता कलकत्त्याला नोकरीला. पहिल्यांदा विमानाने आला, तेव्हा कौतुकाने सांगून बसला की कलकत्ता ते मुंबई फक्त अडीच तास. झालं! अक्काने ते गाठीला बांधलं. मलाही जळगावहून एस.टी.ने यायला तेवढेच लागत. गल्लीत कुणी "पोरगं फार लांब गेलं हो" म्हटलं की ती माझ्याकडे बोट दाखवी. "भाऊले जयगावथीन येवाले जेवढा टाईम लागस, तेवढाच मन्हा वसंताले लागस. मंग तो दूर कसा?" मी चिडवायचो, "आणि मुंबईहून पुढे? विमान तुझ्या ओट्यावर उतरतं का?" ती हसण्यावारी नेई. नवऱ्यामागे एकटीने घर धरून राहिलेल्या बाईला तो हिशेब हवा होता. मीही जास्त ताणत नसे.

पण तो हिशेब अख्ख्या गल्लीला पाठ झाला होता. त्या दुपारी मी पोहोचलो, तर कुणी तिरडी बांधायलासुद्धा घेतली नव्हती. ट्रंककॉल लागला होता, वसंताला निरोप मिळाला होता. "भाऊ आले, म्हणजे आता तोही येईलच," लोक म्हणत होते. आणि जन्मभर तिला चिडवणारा मी, डोकं बधिर झालेला, त्यांच्यातच बसून रस्त्याकडे बघत राहिलो. ऊन उतरलं, तसे गल्लीतले वडीलधारे नाना जवळ आले. "भाऊ, दिवस बुडायच्या आत न्यायला हवं. अग्नी तुम्हीच द्या." मी दिला. कसा दिला, आठवत नाही.

वसंता दुसऱ्या दिवशी सकाळी आला. संध्याकाळचं विमान मिळालं होतं, त्याने अडीच तासांत मुंबईला आणलंही होतं. पुढची सगळी रात्र मुंबई ते धुळे रस्त्यात गेली. आमच्यात दुसऱ्याच दिवशी राख सावडतात. आम्ही पांझरा नदीकाठच्या स्मशानाकडे निघालो होतो, तो हातातल्या बॅगेसह तसाच आमच्याबरोबर चालू लागला. कलकत्त्याला गेल्यापासून तो घरातही पुस्तकातली मराठी बोलायचा, अक्का त्याला हौसेने "सायेब" म्हणायची.

नदीकाठी तो गुडघ्यांवर बसला, राखेत हात घातला आणि दचकून माझ्याकडे वळला.

"मामा... आजून गरम शे."

हात मात्र त्याने बाहेर काढला नाही.