भाकरतुकडा कुठल्या दिशेला टाकायचा

मी नक्की कोण, हा घोळ आमच्या घरात कधीच मिटला नाही. आधी एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत ओल्या कागदात उगवलेली कपाशीची रोपं तपासायचे. ते सोडून कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, तेही सोडून विमान चालवायला शिकले आणि शेवटी अंतराळवीर झाले. शेजारणींनी विचारलं की आई अजूनही बियाण्याची कंपनीच सांगते. ते लोकांना लगेच समजतं आणि पुढचे प्रश्न येत नाहीत.

नोकरी सोडून घरी आले की आई मला दारातच थांबवायची. भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळायची. इतरांकडे तुकडा डाव्या-उजव्या बाजूला टाकतात. आमच्याकडे माणूस जिकडून आला तिकडे भिरकावतात. तिथलं सगळं तिथंच संपलं, असा त्याचा अर्थ. मग दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलायची नाही, कारण चांगली नोकरी का सोडली हे नातेवाइकांना समजावणं तिच्याच गळ्यात पडायचं.

अंतराळातून परतल्यावर डॉक्टरांनी बरेच दिवस ठेवून घेतलं. नंतर जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत रिक्षातून उतरले, तेव्हाही मान वळवली की भोवंड यायची. दुसऱ्या मोहिमेला येणार का, असं विचारणारा फोन त्याच सकाळी आला होता आणि मी उत्तर दिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला काही कळतच नव्हतं. वर असताना घरासाठी जीव तुटायचा, आणि आता दारात उभी होते तर वरचं आठवत होतं. माझा मलाच राग येत होता.

आईने ओवाळलं. तुकडा हातात घेऊन पायरीपर्यंत आली आणि थबकली. स्टेशनच्या बाजूला पाहिलं, एमआयडीसीच्या बाजूला पाहिलं, मग मान वर केली आणि तुकडा सरळ आभाळाकडे फेकला. तो अर्थातच खाली आला, माझ्या पायांशी. समोरचे कापड दुकानदार काका हसले, मलाही हसू फुटलं. आई मात्र हसली नाही.

"ही नोकरी बी सुटली ना?" तिने विचारलं.

तिच्या आवाजात आशा होती. नोकऱ्या सोडते म्हणून इतकी वर्षं माझ्यावर चिडलेली ही बाई, आज मी 'सोडली' म्हणावं म्हणून आसुसली होती. हो म्हणायलाच मी तोंड उघडलं.

"न्हाई, आई. अजून न्हाई."

हे आपणच बोललो, यावर माझा विश्वास बसेना. ती खाली वाकली, तुकडा उचलून झटकला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला.

"मंग हा आत्ता टाकत न्हाई," ती म्हणाली. "पुन्हा आलीस की टाकीन."