चार बोटं आत

माझ्या मामाला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. मामा तसाच होता. वाकडं काही दिसलं की त्याला चैन पडायचं नाही. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी चहा पिता पिता म्हणायचा, "तुमचं दार अर्धं बोट खाली बसलंय हो." दोन भावांत कुंपणावरून जुंपली की कचेरी गाठायच्या आधी लोक त्याला बोलावत. तो टेप लावायचा, आकडा सांगायचा आणि भांडण मिटायचं. मला त्याचा अभिमान होता, आणि वैतागही तेवढाच यायचा.

तीस वर्षं लोकांची घरं बांधून झाल्यावर त्याने मोठ्या रस्त्यालगत स्वतःचं घर बांधायला काढलं. मागे पत्र्याची एक खोली उभारून तो आणि मामी तिथे राहायला गेले. चार महिन्यांची तर गोष्ट, असं म्हणत. भिंती छतापर्यंत आल्या, स्लॅबच्या सळया येऊन पडल्या आणि नोटीस आली. ती मीच वाचून दाखवली. रस्ता रुंद होणार होता, पण नकाशा पक्का नव्हता. तोवर रस्त्याच्या मध्यापासून चाळीस मीटरच्या आत कुणी वीटसुद्धा लावायची नाही. स्थगिती तात्पुरती, एक वर्षापुरती.

मोजणीवाले दोघं आले. आमची पुढची भिंत चाळीसच्या जराशी पलीकडे भरली आणि माझा जीव भांड्यात पडला. टेप मधे पार गुडघ्यापर्यंत लोंबत होता, ते मलाही दिसत होतं. पण मी कशाला बोलतेय?

"साहेब, टेप ताणा," मामा म्हणाला. "झोळ आहे."

त्यांनी ताणला. घर चार बोटं आत आलं.

"तुला गप्प बसायला काय झालं होतं?" मी सगळ्यांदेखत ओरडले.

"अगं, माप चुकत होतं," मामा म्हणाला. एवढं सांगितलं की पुरे, असं त्याला खरंच वाटत होतं.

मामीला दम्याचा त्रास. दुपारी ती पत्र्याची खोली तव्यासारखी तापायची. हिला पक्क्या छताखाली न्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामा पत्र्यावर ओली पोती टाकायचा, तासातासाने शिडी लावून त्यांवर पाणी मारायचा. दर दोन महिन्यांनी गंजू नयेत म्हणून सळयांना सिमेंटचं पाणी लावायचा. वर्ष संपलं, मुदत वाढली. पुन्हा वाढली. कचेरीतला कारकून प्रत्येक वेळी तेच सांगायचा, "तात्पुरतीच आहे हो, जरा कळ काढा." कळ मामी काढत होती. दोनदा तिला दवाखान्यात ठेवावं लागलं.

ती एकदाच बोलली. "अहो, गावभर छतं घातलीत. माझ्या डोक्यावर कधी घालणार?" मामा भरल्या ताटावरून उठून बाहेर गेला.

तिसऱ्या उन्हाळ्यात स्थगिती पुन्हा वाढली, पण हद्द नव्याने मोजायची ठरली. नवे लोक आले. भिंतीकडचं टोक धरायला त्यांच्याकडे माणूस कमी होता, ते मामानेच धरलं. मामी पत्र्याच्या दारात खुर्चीवर बसली होती. तिला धाप लागली होती. टेप उलगडला आणि मधे गुडघ्यापर्यंत लोंबला. मी मामाकडे पाहिलं. मामा मामीकडे पाहत होता.

"झालं का?" पलीकडून विचारलं.

"झालं," मामा म्हणाला.

घर हद्दीच्या बाहेर, असं त्यांनी लिहून घेतलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? तीन वर्षं त्याच्या कानीकपाळी ओरडले होते, ते एकदाचं त्याच्या डोक्यात शिरलं असं वाटलं.

महिन्याभरात घरावर स्लॅब घालून झाला. आता मामी दुपारी दोन तास झोपते, भिंतीला धरून दारापर्यंत येते. मामा मात्र अजून पत्र्याखालीच झोपतो. सवय झालीय, म्हणतो.

गेल्या आठवड्यात गावातले दोघे भाऊ त्याच्याकडे आले. कुंपणाचाच वाद. "तुम्ही सांगाल ते माप आम्हाला मान्य आहे," थोरला म्हणाला.

"दुसरं कुणी बघा," मामा म्हणाला. "मला आता नाही जमायचं."

वय झालं बिचाऱ्याचं, असं समजून ते गेले. मामा पत्र्याच्या खोलीत जाऊन पडला. मी तणतणत आत आले. "याला झालंय तरी काय?"

मामी उठून बसली. "त्या दिवशी टेप लोंबत होता," ती म्हणाली. "मला खुर्चीवरून दिसत होता. आता हे बोलणार, असं वाटलं. म्हणून मी हात जोडले गं. त्यांच्याकडे बघून हात जोडले."

पंखा चालू होता, खोली छान गार होती. मी खिडकीतून हाक मारली, "मामा, आत ये ना. तिथे किती उकडतंय!"

"असू दे," तो म्हणाला.