झिनोव्हिया वन्संनी न घेतलेलं नाव

माझी नणंद झिनोव्हिया कुणाच्या बापाला घाबरत नाही. नवऱ्यामागे ग्रीसमधल्या ईपिरसच्या या डोंगरात तिने एकटीने बेकरी चालवली, गावच्या अध्यक्षाला भर चौकात झापलं. पण कॅन्सरचं नाव निघालं, की हाताआड तीनदा थू-थू करते. आमच्याकडे सगळेच करतात. नाव घेतलं की ते दुखणं घर शोधत येतं म्हणे. माझी सासू त्यानेच गेली, पण गावाला सांगितलं हृदय, नातवंडांनाही हृदयच. मीसुद्धा तेच सांगत आले.

यंदा बायकांच्या छातीच्या तपासणीची गाडी आली, तिच्यात नवा कॉम्प्युटर होता. घराण्यात कुणाला काय झालं ते सांगायचं. मग तो फोटो वाचतो आणि धोका किती ते सांगतो. डॉक्टरीणबाई त्याच्यावर नजर ठेवते.

"आईला, मावशीला कॅन्सर?" तिने विचारलं.

"थू थू थू! आमच्यात सगळं हृदयाचं," वन्सं म्हणाल्या.

कॉम्प्युटरने धोका कमी दाखवला. दोन वर्षांनी या, असं सांगून डॉक्टरने त्यांना सोडलं.

वन्सं बाहेर आल्या त्या पांढऱ्याफटक पडून.

"सुटलात की! मग तोंड का असं?" मी म्हटलं.

"खोटं सांगितलं गं मी त्याला. आता त्याचं खरं कसं मानू?"

तेवढ्यात त्यांची लेक पोलिक्सेनी गाडीत चढली. नुकती तिशी ओलांडलेली, पदरात दोन लहान पोरं. दार उघडंच होतं.

"कॅन्सर? छे हो डॉक्टर, आमच्यात सगळी हृदयं! कॉफी ढोसतो ना आम्ही."

डॉक्टरही हसली. "मग तुमचा फोटो नको म्हणतोय हा कॉम्प्युटर. चाळिशीनंतर या."

वन्संनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"तू सांग ना."

"मी? आई तुमची!" शिकलेली बाई मी, पण माझीही जीभ उचलेना.

"नाव घेतलं आणि आलं तर?"

"आणि आधीच आलेलं असलं तर, वन्सं?"

वन्सं गाडीच्या पायऱ्या चढल्या.

"माझ्या आईला कॅन्सर होता," त्या म्हणाल्या. "मावशीलाही."

रांगेतल्या बायकांनी तीनदा थू-थू केलं. दोघी तर चक्क घराकडे निघून गेल्या. पोलिक्सेनी आईकडे बघतच राहिली. डॉक्टरने माहिती पुन्हा भरली आणि पडद्याकडे बघता बघता तिचं हसू मावळलं.

"दोघीही थांबा. हिचा फोटो आजच काढू." मग तिने वन्संना विचारलं, "हिच्या आजीचं दुखणं निघालं तेव्हा त्यांचं वय काय होतं?"

वन्संनी लेकीकडे पाहिलं.

"हिच्याएवढीच होती."