वडिलांच्या दहाव्याला न उतरवलेले केस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे.

टक्कल आमच्या घरात सातबाऱ्यासारखं बापाकडून मुलाकडे येतं. वडिलांना त्याचं काही वाटायचं नाही. मला मात्र तिशीतच आरसा नकोसा झाला. आधी बोअरच्या पाण्याला दोष दिला, मग हेल्मेटला. कांद्याचा रस चोळला — ऑफिसात शेजारचा खुर्ची लांब सरकवून बसायला लागला. शेवटी डॉक्टर म्हणाले, हे आनुवंशिक आहे. औषधाने आहेत ते टिकतील, पण पार गेलेले उगवणार नाहीत. मग मागचे केस काढून पुढे लावून घेतले. वर्षभरात भांग पडायला लागला. किती आनंद झाला होता मला! लाज वाटावी इतका.

आणि त्यानंतर वडील गेले.

दहाव्याला रामकुंडावर केस उतरवायचे होते. थोरला मी — क्रियेला बसायचं मीच. न्हावी वाट बघत होता, आणि मी... मी म्हणालो, डॉक्टरांनी वस्तरा लावायला सक्त मनाई केलीय, जखमा चिघळतील.

खोटं होतं ते. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, आता खुशाल तुळतुळीत करा, मुळं धरलीत, केस परत येतील. मग कशासाठी? दोन-चार महिने पुन्हा टकला दिसू नये म्हणून. एवढ्यासाठी! बापासाठी माझ्याकडून दोन-चार महिने निघाले नाहीत. इतका हलकटपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

निफाडला द्राक्षबाग बघणारा माझा धाकटा भाऊ पुढे आला. "दादा, राहू दे. मी बसतो." वस्तरा फिरला आणि त्याचं डोकं अगदी वडिलांसारखं दिसायला लागलं. मी मागे उभा राहून केस सावरत होतो — वारा होता ना!

आई धाकट्याकडे असते. माझं खोटं तिने इतकं खरं धरलंय की मी गेलो की अजूनही कडुलिंबाचा पाला उकळून ठेवते, माझ्या डोक्यासाठी. मी मुकाट्याने त्या पाण्याने डोकं धुतो.

मागच्या खेपेला टॉवेल देताना ती म्हणाली, "माझ्या वेळंला बी धाकल्यालाच बसू दे. तुला वस्तरा सोसत नाय."

मी "बरं" म्हणालो.