भीमाबाईचा कुडा

मानपाड्याच्या भीमाबाईच्या परसात पांढऱ्या कुड्याचं झाड होतं. पावसाळ्यात पोट बिघडलं की अर्धी वस्ती तिच्या दारात. त्याची सुकवलेली साल ती ताकात उगाळून द्यायची. टेंभी नाक्यावरचे एक वैद्य हीच साल कुटज म्हणून पुडीत बांधून देत. भीमाबाई म्हणायची, "नाव मोठं, कडूपण तेवढंच."

साल काढायचे तिचे नियम कडक. आदल्या संध्याकाळी बुंध्याशी तांदूळ-सुपारी ठेवून झाडाला सांगायचं, "उद्या येते." सकाळी उन्हाच्या अंगाची चार बोटं रुंद पट्टी काढायची आणि जखमेवर शेण लिंपायचं. कुणी घाई केली तर सरळ सांगायची, "मग जा डाक्टरकडं." बरोबरच होतं तिचं.

सत्याऐंशीच्या श्रावणात शेजारच्या चाळीतल्या शेवंतीचे जुलाब भीमाबाईच्या ताकानं थांबले. शेवंतीचा नवरा महिपत, साताऱ्याकडचा, कंपनीत फिटर. उपकारानं तो इतका भारावला, की भाद्रपदात भीमाबाई आठ दिवस लेकीकडं खोपटला गेली तेव्हा साल काढून लोकांना द्यायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं.

परतल्यावर ती थेट परसात गेली. कुड्याच्या कमरेभोवतीची वीतभर साल नाहीशी. पुरी गोल. वर शेण मात्र सुरेख लिंपलेलं.

"महिपत!"

तो हसतच आला. "मावशी, सगळं तुमच्यासारखं केलं. तांदूळ ठेवले, सुपारी ठेवली."

"आन् हा कंबरपट्टा कसला?"

"एकाच बाजूनं किती ओरबाडायचं? म्हटलं, सगळीकडनं सारखं घ्यावं."

"अरे, सालीतनंच जेवण खाली मुळांना जातं. फिटर ना तू? पाइपच कापलास की!"

"पण पानं हिरवी आहेत!"

"आज आहेत."

भीमाबाई बुंध्याशी बसली. सासूनं मरताना हे झाड तिच्या हवाली केलं होतं. तिनं पट्ट्याखाली नख मारलं. पांढरा चीक आला.

"खाली जीव आहे, तिथनं फुटेल. कोयता आण. जमिनीपासून वीतभर ठेवून वरचं सगळं तोड. तूच तोड."

महिपतनं तोडलं, डोळे पुसत. वस्ती म्हणाली, म्हातारीचं डोकं फिरलं. वस्तीला काय, बोलायला पैसे पडत नाहीत. महिपतनं शेळ्या येऊ नयेत म्हणून काट्यांचं कुंपण घातलं आणि रोज ड्युटीआधी पाणी घातलं. थंडी गेली, होळी गेली, खुंट मुकाच. भीमाबाई रोज नख मारून बघे.

चैत्रात पाच कोंब आले. तिनं दोन जाड ठेवले, बाकीचे खुडले. त्या दिवशी तिनं महिपतला पहिल्यांदा चहा पाजला.

पाच वर्षांनी कोंबांची झाडं झाली. एका संध्याकाळी महिपत तांदूळ-सुपारी घेऊन बुंध्याशी वाकला. "उद्या येतो रे."

भीमाबाई ओट्यावरून ओरडली, "कुठल्या अंगानं?"

"उन्हाच्या."

"किती?"

"चार बोटं, मावशी."

"कुणाची? तुझी केळ्यासारखी बोटं चालायची नाहीत. माझी मोजायची!"