माय पासिर रिसला आली होती

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, तेही हसत हसत. मी सिंगापूरला पासिर रिसमध्ये राहते आणि वन-नॉर्थच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. जे पुन्हा घडवून दाखवता येत नाही, ते आमच्या धंद्यात घडलेलं नसतं. त्यामुळे हे लिहायला मला इतका वेळ लागला. कुणी विश्वास ठेवावा असा आग्रह नाही... पण जेरोम म्हणाला, लिही एकदा, म्हणून लिहितेय.

जेरोम माझा नवरा. मी पुण्याची, तो कोर्लईचा — रेवदंड्याच्या खाडीपलीकडचं कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज राज्य गेल्यावरही पोर्तुगीजमधून झालेली एक बोली घरोघर टिकून राहिली. ते तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. माझ्या सासूबाई — आम्ही सगळे त्यांना मायच म्हणायचो — जेरोमशी त्याच भाषेत बोलायच्या आणि माझ्याशी मराठीत.

दोन हजार दहानंतरच्या दशकातली, मधल्या एका वर्षातली ही गोष्ट. त्या जानेवारीत मायला अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. जेरोम जाऊन आला. गावी नणंद होती, लीना, ती सगळं बघत होती. आम्ही जूनच्या शाळेच्या सुट्टीत सगळेच जाणार होतो.

त्याआधी गुड फ्रायडेचा लाँग वीकेंड आला. आमच्या इराला शाळेत स्वतःच्या घराण्याविषयी बोलायचं होतं. जेरोमनं ते फारच मनावर घेतलं. म्हणाला, “या वेळी कुठे जायचं नाही. तीन दिवस घरातच पोर्तुगीज कोर्लई उभं करायचं.” मग हॉलमध्ये मोठा चार्ट आला, लीनानं पाठवलेले चर्चचे, किल्ल्याचे, माणसांचे फोटो प्रिंट झाले, लॅपटॉपवर पोर्तुगीज गाणी लागली. शुक्रवारी नारळाच्या रसातली मासळी केली, मायच्या पद्धतीनं, म्हणजे जेवढी आठवत होती तेवढी.

शेजारच्या ग्लोरिया आंटीलाही त्यात ओढलं. आंटी युरेशियन, म्हणजे मिश्र युरोपी-आशियाई वंशाची; तिचं माहेर मलेशियातलं मलाक्का. तिच्या घरातही एक पोर्तुगीज बोली होती. एकदा लिफ्टमध्ये जेरोम मायशी फोनवर बोलत होता, ते ऐकून तिनं त्याचा हातच धरला होता. “हे तू कुणाशी बोलतोयस?” तेव्हापासूनची ओळख. दोन्ही बोली पुरत्या एक नव्हेत, पण अर्धंअधिक कळायचं एकमेकांना. तिचा भाऊ गेल्यावर बोलायला कुणी उरलं नव्हतं. शनिवारी सकाळी ती सुगी केक घेऊन आली — आपल्या रव्याचाच केक — आणि इराच्या चार्टचं कौतुक करून गेली.

त्याच दिवशी जेवणं झाल्यावर जेरोम आणि इरा हॉलमध्ये फोटो चिकटवत बसले होते. “पापा, नॉट स्ट्रेट लाह,” असं इराचं सिंगापुरी ढंगात चाललेलं. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. स्वयंपाकघराच्या बाजूनं दोन बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. आमची आणि आंटीची स्वयंपाकघराची खिडकी काटकोनात, इतकी जवळ की वाटी देता-घेता येते. मला वाटलं, आंटीकडे मलाक्काहून कुणी आलंय. जेरोमची भाषा वाटत होती ती. त्याला हाक मारावी असं मनात आलंही — ये, ऐक, तुझी नॉ लिंग चाललीय. पण तो आणि इरा इतके रमले होते... म्हटलं, असू दे. मधेच कुणीतरी हसलं. छान, मोकळं हसू.

काही वेळानं चहा टाकायला गेले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. समोर आंटी तिच्या खिडकीत उभी होती, डोळे पुसत. आंटी तिच्या सिंगापुरी इंग्लिशमध्ये बोलते, मी मराठीत सांगते.

“आत गेली का ती?”

“कोण?”

“तुझी सासू. आलीय म्हणून सांगितलं नाहीस तू मला.”

मला हसूच आलं. म्हटलं, “आंटी, माय कोर्लईला अंथरुणावर आहे. तिला बोलता येत नाही.”

आंटीनं आमच्या सिंककडे बोट केलं. मग म्हणाली, “तुझ्या सिंकपाशी उभी होती. बुटकी, हिरवी साडी, मागे खोचलेली. माझ्याशी बोलली. तोन कसा आहे विचारलं.”

तोन कोण, ते मला ठाऊक नव्हतं. मी जेरोमला हाक मारली. तो डिंकाचे हात घेऊन आला. आंटीनं ते नाव पुन्हा घेतलं आणि तो खुर्ची ओढून बसला. मायला त्याचं नाव आंतोन ठेवायचं होतं, घरच्यांनी बाप्तिस्म्याला जेरोम केलं. तो शाळेत जाईपर्यंत ती एकटीच त्याला तोन म्हणायची, तेही दोघंच असताना. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्यानं मलाही सांगितलं नव्हतं.

“मग मला हाक का नाही मारली तिनं?” त्यानं आंटीला विचारलं.

“मी म्हटलं तिला, तो बाहेरच आहे, बोलावते. नको म्हणाली. कामात आहे, राहू दे, मी नुसती बघायला आले.”

जेरोमनं लगेच लीनाला फोन लावला. स्पीकरवर आम्ही दोघंही बोलत होतो. “माय ठीक आहे रे, पेज घेतली, आता पडलीय,” लीना म्हणाली. “वहिनी, काय झालं? तुमचा दोघांचा आवाज असा का?” तिनं व्हिडिओ सुरू केला. माय टक्क जागी होती. जेरोम त्याच्या भाषेत बोलत राहिला, बराच वेळ. तिचे ओठ हलले नाहीत. अंगावर फिकट गाऊन होता. साडी नेसवणं लीनानं जानेवारीतच सोडलं होतं.

जूनची वाट न बघता तो पुढच्याच आठवड्यात गावी गेला. तिच्या उशाशी बसून राहिला, तिला भरवलं. तो तिथे असतानाच ती गेली. हात त्याच्या हातात होता, म्हणजे तसं पाहिलं तर सगळं नीट झालं. फक्त एक शब्दही बोलली नाही ती त्याच्याशी.

परत आल्यावर तो आंटीकडे जाऊन बसायचा. आणखी काय म्हणाली? नीट आठवून सांगा. आंटी बिचारी तेच तेच सांगायची. पुढे ती मुलाकडे पर्थला कायमची गेली. निघायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, “एक गोष्ट त्याला सांगितली नाही. तिनं विचारलं होतं, तोन पोरीशी आपल्या भाषेत बोलतो का. मी खोटंच हो म्हटलं, रोज बोलतो. तेव्हा ती हसली.”

मीही ते जेरोमला बरेच महिने सांगितलं नाही. शेवटी सांगितलं. मग दर रविवारी तो इराला आपली भाषा शिकवायला बसू लागला. ती आता मोठी झालीय, कंटाळते. त्यालाही अर्धे शब्द आठवत नाहीत आणि विचारायला कुणी नाही.

मी माझ्या परीनं सगळं तपासलं. आंटी भ्रमिष्ट नव्हती. तोन हे नाव तिला कुणी सांगितलं असेल? लीनालाही ते माहीत नव्हतं. तिला आभास झाला म्हणावं, तर आतल्या खोलीत मी ऐकलं ते काय होतं?

घरातल्या माणसांत तो आवाज ऐकलेली मी एकटीच. म्हणून जेरोम अजून कधीकधी विचारतो, “कसा होता गं आवाज? आजारपणाआधीसारखा?”

मी हो म्हणते, अगदी तसाच.

खरं तर मी नीट ऐकलंच नव्हतं.