थंड मशीनचा पंखा

भुताखेतांच्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून जाणारा माणूस. घरात दोन पिढ्या नोकरदार, मी स्वतः कॉम्प्युटरवाला... कारण सापडत नाही म्हणजे तुम्ही नीट शोधलं नाही, असं लोकांना सुनावायचो. हे मात्र इतकी वर्षं बायकोलाही सांगितलेलं नाही.

बोंडअळीची वर्षं होती. यवतमाळला एका छोट्या संस्थेत कापूसवाल्यांसाठी सल्ल्याची फोनलाईन चालायची, तिथलं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, सांभाळायचं काम माझ्याकडे. लाईन बिझी असली की माणूस निरोप रेकॉर्ड करायचा. मशीन त्यातली खरखर काढून, गाव आणि नंबर जोडून तो फोनवर बसणाऱ्या वंदनाताईंच्या स्क्रीनवर पाठवायचं. मग त्या परत फोन करायच्या.

मशीन शेजारच्या खोलीत. ऑक्टोबरचं ऊन, त्यात लोडशेडिंग. निरोपांचं काम सुरू झालं की प्रोसेसर तापायचा आणि पंखा बोंबलायचा.

"भाऊ, हे मशीन हाय का कापसाचं जिनिंग?" वंदनाताई ओरडायच्या. "मले फोनवरचं काही ऐकू येऊन नाही राह्यलं!"

मी उपाय केला. निरोपांचं काम सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीवर टाकलं, आणि असल्या पाठीमागे चालणाऱ्या कामासाठी प्रोसेसरने वेग वाढवायचाच नाही, अशी सेटिंग करून दिली. काम होणार, पण रमतगमत. पंखा गप्प, यूपीएसही जास्त टिकायला लागला. वंदनाताईंनी खूश होऊन चहा पाजला. निरोपाला थोडा उशीर झाला तर काय बिघडतं — हे माझं मीच ठरवलं. कोणाला विचारलं नाही.

कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी जोरात होती. त्या दुपारी फोनवर फोन येत होते. जेवण उरकतो न उरकतो तोच पंखा ओरडायला लागला... पूर्वी कधी नाही इतक्या जोरात. आत जाऊन पाहिलं — प्रोसेसर सर्वात कमी वेगावर. तापमान नॉर्मल. डब्यावर हात ठेवला तर थंड. आणि आवाज असा, की टेबल थरथरत होतं.

"काय झालं हो त्याले?" वंदनाताईंनी बाहेरून विचारलं.

"बेअरिंग गेलं असेल. उद्या बघतो."

स्क्रीनवर निरोपांची रांग दिसत होती, बरीच लांब. मी ती पाहिली. एक कमांड दिली असती तर वेग वाढला असता. मी दार ओढून घेतलं.

संध्याकाळी पंखा आपोआप थांबला. त्याच वेळी वंदनाताईंच्या स्क्रीनवर मारेगावकडच्या एका बाईचा निरोप उमटला — दुपारचा. "आमचे हे दुसऱ्याच्या वावरात फवाराले गेलते. डोळे जळून राह्यले, उलट्या थांबत नाही. कुठं नेऊ, लवकर सांगा जी..."

वंदनाताईंनी लगेच फोन लावला. स्पीकर चालू होता, मीही ऐकलं.

"आता कायले फोन केला, ताई?" ती म्हणाली. रडत नव्हती.

वंदनाताईंनी फोन ठेवून स्क्रीनवरची वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "निरोप दुपारचा हाय, भाऊ. आता कसा आला?"

"नेटवर्क," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पंखा खोलला. बेअरिंग ठणठणीत. सेटिंग मी गुपचूप काढून टाकली. त्यानंतर ते मशीन मे महिन्यातही पूर्ण वेगाने चाललं, तापलं, पंखा फिरला... पण तो आवाज परत कधी आला नाही. निरोप येत राहिले. वेळेवर आलेल्या निरोपांतलीही सगळी माणसं वाचली नाहीत. कोणाला गाडी मिळाली नाही, कोणाला दवाखान्यात खाट. त्यात मी स्वतःसाठी आधार शोधून पाहिला. सापडला नाही.

धूळ, व्होल्टेज, सेन्सर — सगळं ताडून पाहून झालंय. वाचकांपैकी कोणी जाणकार असेल तर सांगावं.

वंदनाताई मागे बसस्टँडवर भेटल्या. थकल्यात आता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "त्या दिवशी तो पंखा कायले ओरडत होता, समजलं का हो भाऊ?"

"नाही," म्हणालो.

पंख्यापुरतं ते खरं आहे.